पिवळ्या दिव्याचा निकाल

जाहीर प्रकटन. तमाम नातेवाईक, शेजारी, सोसायटीचे सन्माननीय सभासद आणि वॉचमनच्या केबिनपाशी माझी वाट पाहत उभे राहणारे हितचिंतक यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, चंदनसार, विरार पूर्व येथे राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने गाड्यांची डॉक्टरकी कायमची सोडलेली आहे. यापुढे कोणाच्याही गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यास लेखकास खाली बोलावू नये, मोबाइलवर फोटो पाठवू नयेत, 'एकच मिनिट बघता का' म्हणून जिन्यात अडवू नये. लेखकाकडील यंत्र आकाशकंदिलाच्या खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेले आहे. ते तिथेच राहील. हरकती असल्यास ज्याच्या त्याने स्वतःजवळ ठेवाव्यात.

झालं गांभीर्य. आता साध्या आवाजात सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा दिवा लागला होता. सर्व्हिस सेंटरमध्ये एका पोराने काडेपेटीएवढी डबी स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत खोचली, मोबाइलकडे पाहिलं आणि दोन मिनिटांत मला इंजिनाचं दुखणं सांगितलं. मी थक्क. इतकी वर्षं आपण गाडी ऐकून, हुंगून, लाथ मारून तपासतोय, आणि इथे गाडी स्वतःच बोलतेय! तशीच डबी मी घरी मागवली. डबी खाचेत बसवायची, मोबाइलशी जोडायची, की इंजिनाच्या मेंदूत साठलेल्या तक्रारी पडद्यावर येतात. प्रत्येक तक्रारीचा एक कोड. तो शोधला की कुठला सेन्सर रडतोय ते कळतं.

आता मी मुळात नाटकी माणूस. लहानपणी आमच्या चाळीच्या गणेशोत्सवातल्या नाटकात मला दरवर्षी डॉक्टरचं काम मिळायचं. तिसऱ्या अंकात यायचं, स्टेथोस्कोप गळ्यातून काढायचा आणि म्हणायचं, "माफ करा, आता आपल्या हातात काही नाही." एवढं एकच वाक्य. पण ते असं टाकायचो, की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पुढे नोकरी लागली खरेदी विभागात. तिथे कोण पदर लावतो? त्यामुळे ही डबी हातात आल्यावर माझ्यातला डॉक्टर चाळीस वर्षांनी पुन्हा स्टेजवर चढला.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझे प्रयोग सुरू झाले. मी आधी बॉनेटवर दोन बोटांनी टकटक करायचो. त्याचा काडीचा उपयोग नसतो, पण माणसं गप्प होतात. मग डबी खोचायचो, भुवया जवळ आणायचो, एक 'हं' सोडायचो. शेवटी मोबाइलवरचं कोड पुसायचं बटण दाबायचो, आणि दिवा जायचा! काय सांगू तो क्षण. सेक्रेटरी एकदा माझ्या पाया पडायला वाकले होते. बटणाने फक्त तक्रार पुसली जाते, दुखणं तसंच राहतं, हे मला माहीत होतं. पण ते दुखणं परत येईपर्यंत आठवडा जायचा, आणि तोवर मी जिंकलेला असायचो.

हे सगळं विरारच्या पुलापलीकडे, भुईगावात, माझ्या सासऱ्यांच्या कानावर गेलं. अर्थात माझ्याच तोंडून.

आमचे बाबा पंचाहत्तरीचे. जन्मभर वाडी केली: केळी, नारळ, थोडा सोनचाफा. सासूबाई गेल्यापासून घरात एकटे. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि खारा वारा तर घरातच मुक्कामाला असतो. तिथे लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. यावर बाबांचा उपाय एकच. आपल्याच नारळांचं, स्वतः घाण्यावर उभं राहून काढून आणलेलं खोबरेल. दर रविवारी सकाळी पूजा आटोपली की एका वाटीत तेल आणि जुन्या धोतराची चिंधी घेऊन ते घरभर फिरत. फाटकाच्या बिजागऱ्या, कुलपं, विहिरीवरची कप्पी, सासूबाईंचं शिलाई मशीन, छत्रीच्या काड्या. आणि सगळ्यांत शेवटी गाडी.

गाडी म्हणजे छोटी, पांढरी, पेट्रोलवरची, सासूबाई असताना घेतलेली. बारा वर्षांत तिच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. यंत्रांचं बाबांचं सगळं शिक्षण वाडीतल्या जुन्या डिझेल पंपावर झालेलं. पंप वीस वर्षं चालला तो आपण नेमाने सगळं केलं म्हणून, असं ते सांगायचे. तोच नेम गाडीला; दोन वर्षांपासून सर्व्हिसिंगही बंद करून तिचं सगळं ते स्वतःच बघत.

तेल झालं की दहाच्या सुमारास बाबा गाडी काढत आणि नंदाखालला जात. तिथे त्यांची थोरली बहीण. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. वय त्र्याऐंशी, कंबर मोडलेली, आणि डोक्यातलं बरंचसं पुसलेलं. मुलांची नावं ती विसरली होती. पण रविवारी दहाला फाटकापाशी खुर्ची टाकून बसायला विसरत नव्हती. गाडीचा हॉर्न ऐकला की म्हणायची, "आला गो माझा भाऊ." बाबा तिला पुढच्या सीटवर बसवत. त्या सीटवर त्यांनी तिच्या कंबरेच्या मापाने उशी शिवून घेतली होती. मग निर्मळच्या तळ्यापर्यंत एक फेरी. तळ्यावर पाच मिनिटं थांबायचं, एक केळं दोघांत खायचं, परत. रिक्षात ती बसू शकत नव्हती. पायरी चढताना कंबर धरायची, आणि बसली तरी धक्के सोसायचे नाहीत. आठवड्यातून तिचं घराबाहेर पडणं तेवढंच. ते त्या गाडीवर अवलंबून होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. त्या घरात जावयाचं बोलणं खोडायची पद्धत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मी वाडीतल्या वेलची केळीच्या झाडाकडे बोट दाखवून मोठ्या ज्ञानीपणाने म्हणालो होतो, "वा, राजेळी काय मस्त धरलीय!" बाबा म्हणाले, "हो हो, राजेळी." त्यानंतर बारा वर्षं, मी समोर असलो की ते त्या झाडाला राजेळी म्हणत. बायकोने एकदा हसत हसत मला खरं सांगितलं, तेव्हा मला फार गंमत वाटली. मी ती चारचौघांत सांगून हशाही वसूल केला. ती गंमत किती महाग पडणार होती, याची कल्पना नव्हती.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबांच्या गाडीचा पिवळा दिवा लागला. चढावर गाडी गचके द्यायला लागली. बाबांनी ते सहज मुलाला फोनवर सांगितलं, आणि तिथेच फसले. माझा मेहुणा पुण्याला असतो. वडिलांनी या वयात गाडी चालवू नये, असं त्याचं चार वर्षांपासून म्हणणं होतं. त्याला निमित्त मिळालं. त्याने मला फोन केला.

"भावोजी, ही गाडी आता विकून टाकू."

"अरे, दिवाच लागलाय. मी बघतो की."

"बघा. एक महिना देतो. दिवा गेला तर गाडी राहील. नाही गेला तर विकायची. तुम्ही सांगाल ते फायनल. तुमचं ते ऐकतात."

तो प्रेमापोटी बोलत होता. मी मात्र आनंदाने फुललो. चंदनसारच्या पार्किंगमधून थेट सासुरवाडीत प्रयोग!

पहिल्या रविवारी नऊ वाजता भुईगावला पोचलो. बाबांची तेलाची फेरी उरकली होती. वाटी धुऊन पालथी घातलेली. ओटीवर माझ्यासाठी खुर्ची, खुर्चीवर धुतलेलं फडकं. मी बॉनेटवर टकटक केली, डबी खोचली, 'हं' सोडला. कोड आला. अर्थ असा, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. जळण कोरडं होतंय.

बाबा शेजारी हात मागे बांधून उभे होते. "म्हणजे हवा जास्त होते?"

"तसंच काहीसं."

"भुईगावचा वारा सोसेना झाला म्हणायचा तिला."

मी हसलो. मग डॉक्टरी थाटात एकेक प्रश्न विचारायला लागलो. पेट्रोल कुठून भरता? गचके कधी येतात? एअर फिल्टर साफ असतो ना? एअर फिल्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारी जाळी. तिच्या लगेच पुढे, नळीत, हवा मोजणारा एक सेन्सर असतो. केसाएवढी बारीक तापलेली तार. तिच्यावरून किती हवा गेली, त्यावर किती पेट्रोल सोडायचं हे ठरतं. हे मी तेव्हाही वाचलेलं होतं.

"जाळी ना?" बाबा म्हणाले. "ती मी स्वतः बघतो, दर रविवारी. उघडून दाखवू?"

त्यांनी झाकणाच्या क्लिपेला हातसुद्धा लावला होता.

"नको हो बाबा," मी मोबाइल उंच धरला. "आता काही उघडावं लागत नाही. इथे सगळं दिसतं."

त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा पाठीशी बांधला.

मी कोड पुसला. दिवा गेला. बाबांनी टाळी वाजवली, खरोखर वाजवली, आणि लगेच उशी ठीक करून नंदाखालला निघाले. मी ओटीवर बसून दोन राजेळी, म्हणजे वेलची, केळी खाल्ली.

गुरुवारी दिवा परत लागला.

दुसऱ्या रविवारी मी इंजिनाच्या सगळ्या रबरी नळ्या हाताने चाचपल्या. कुठे चीर पडली असेल तर तिथून जास्तीची हवा शिरते. चीर नव्हती. प्लग बदलले. दिवा पुसला. तो बुधवारी आला. तिसऱ्या रविवारी सायलेन्सरवरचा ऑक्सिजन सेन्सर नवा घातला. गाडीखाली उताणा पडून, नाकात माती जाऊन, दोन तास. बाबा वरून पंख्याने वारा घालत होते, जावयाला. मी म्हणालो, "आता बघाच." दिवा मंगळवारी आला.

"काळजी करू नका," बाबा फोनवर मलाच धीर देत होते. "मीही माझ्या परीने करतोय. आता रविवारची वाट बघत नाही, रोज करतो."

काय रोज करता, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, देवाजवळ बसत असतील.

चौथा रविवार. या खेपेला मेहुणा मोबाइलवर हजर होता. बायकोने त्याला ओटीच्या कठड्याला टेकवून ठेवला होता. शेजारचे दोघेतिघे कुंपणापाशी आलेले. थोडक्यात, हाउसफुल्ल. मी गाडी चालू केली आणि पडद्यावर चालू आकडे लावले. इंजिन किती हवा ओढतंय तो आकडा बघितला. तो फारच कमी होता. माझ्या गाडीच्या जवळजवळ निम्मा.

आता इथे जाणत्या माणसाने काय करावं? हवा मोजणारा सेन्सर खरं सांगतोय ना, हे आधी तपासावं. झाकणाच्या चार क्लिपा काढाव्यात, नाक आत घालावं. पाच मिनिटांचं काम. पण माझ्यासमोर प्रेक्षक होते, आणि दर खेपेला दिवा लवकर येत होता, आणि त्याचा अर्थ लावायला मी उतावीळ झालो होतो. मी ठरवलं, सेन्सर बरोबर आहे आणि इंजिनच थकलंय. छातीत दम नाही, म्हणून हवा ओढत नाही. दुखणं वाढतंय, म्हणून दिवा लवकर येतोय. किती सुबक बसत होतं सगळं!

मी डबी काढली. हळूहळू, स्टेथोस्कोप काढावा तशी. आणि माझ्या तोंडून चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य त्याच आवाजात बाहेर पडलं.

"माफ करा. आता आपल्या हातात काही नाही."

कुंपणापाशी कोणीतरी 'चच्' केलं. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मोबाइलमधून मेहुणा म्हणाला, "बघा बाबा. भावोजींनी पण सांगितलं."

"जावईबापूंनी बघितलं म्हणजे प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. थोडा वेळ ते गाडीच्या छपरावर तळहात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नंदाखालपुरतीसुद्धा नाही चालायची?"

"बाबा, रस्त्यात बंद पडली तर? शेजारी आत्याबाई असताना?"

तो माझा हुकमी एक्का होता. बाबांनी मान हलवली आणि माझ्यासाठी सरबत आणायला आत गेले.

गाडी मीच विकून दिली. आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका सरांना. शाळेत शिकवतात, शिकायला जुनी गाडी हवी होती, इंजिनाचं काम करून घेऊ म्हणाले. नेण्याच्या दिवशी बाबांनी गाडी धुतली, सीटवरची उशी काढून घेतली, आणि सरांच्या हातात किल्लीबरोबर खोबरेलाची भरलेली बाटली ठेवली. "हे हिचं तेल," ते म्हणाले. सरांना वाटलं, गावाकडची माणसं, भेट देतात. त्यांच्या मिसेसनी ते केसांना लावलं. छान आहे म्हणाल्या.

"बाबा, आता दर रविवारी मी तुम्हाला नंदाखालला नेईन," मी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. जाहीर करण्यात माझा हात कोण धरणार! दोन रविवार नेलंही. पहिल्याच रविवारी मी फाटकापाशी हॉर्न दिला, तर आत्याबाईंनी मान वर केली नाही. बाबा उतरून त्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी भावाला ओळखलं, पण माझ्या गाडीकडे संशयाने पाहत राहिल्या.

"ही कोणाची?"

"आपलीच. जावईबापूंची. चल, तळ्यावर जाऊ."

"परक्याच्या गाडीत मी नाही बसायची."

उशी ठेवून पाहिली. हात धरून पाहिलं. आत्याबाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या आणि शेवटी रडायला लागल्या. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मला ऑफिसचं काम निघालं, चौथ्याला आणखी काहीतरी. बाबा रिक्षाने जायला लागले. नंतर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. फाटकापाशी खुर्ची टाकायला आत्याबाईही हळूहळू विसरल्या. बायको म्हणाली, "आता दहा वाजता विचारतसुद्धा नाहीत म्हणे." मी म्हणालो, "वयच आहे." अशा वेळी वय फार उपयोगी पडतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सरांनी मला खाली बोलावलं. ते खुशीत होते. "या, या डॉक्टर! तुमची पेशंट ठणठणीत झाली."

चंदनसार रोडवरच्या गॅरेजवाल्याने म्हणे इंजिन खोलण्याआधी सहज एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतली कागदी जाळी तेलाने माखलेली होती. तेल वाऱ्याबरोबर पुढे जाऊन त्या बारीक तारेवर बसलं होतं, आणि तापून तिच्यावर त्याचा थर जळून बसला होता. त्या थरामुळे तारेला हवा कमी लागायची. सेन्सर हवा कमी सांगायचा, गाडी पेट्रोल कमी सोडायची, दिवा लागायचा. त्याने स्प्रेने तार धुतली, नवी जाळी घातली. अर्ध्या तासाचं काम. इंजिन उत्तम होतं.

सरांनी जुनी जाळी एका पिशवीत जपून ठेवली होती. ती माझ्या नाकाशी धरली. "वास घ्या! खोबरेल! तुमच्या सासऱ्यांनी बाटली दिली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एअर फिल्टरला खोबरेल? आहे की नाही कमाल?"

आणि ते हसले. मीही हसलो. तो हशा मला अजून ऐकू येतो. मी सरांपेक्षा मोठ्याने हसलो होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"पंपाच्या जाळीला तेल लागतंच," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्या डिझेल पंपाच्या हवेच्या डब्यात तेलच घालायचे. धूळ त्याला चिकटते, आत जात नाही. बाबा दर आठवड्याला बदलायचे. मीच वाटी धरून उभी राहायची." ती माझ्याकडे बघत राहिली. "जाळी तुम्ही बघितली होती ना?"

मी फ्रीजमधून पाण्याची बाटली काढली.

"बघितली होती ना?"

"ते उघडून दाखवतो म्हणाले होते."

"मग?"

आता मला पहिल्या रविवारपासूनचं सगळं दिसायला लागलं. दिवा गुरुवारी, मग बुधवारी, मग मंगळवारी का येत होता. 'आता रोज करतो' म्हणजे ते काय करत होते. मी एकेक सेन्सर बदलत होतो आणि तो माणूस गाडी हातची जाऊ नये म्हणून रोज सकाळी उठून, वाटी घेऊन, आपल्याच हाताने ती घालवत होता. आणि मला सगळं मोबाइलमध्ये दिसत होतं.

बायकोने डोळे पुसले आणि लाटणं उचललं. "बाबांना सांगायचं नाही. आपल्याच हाताने झालं कळलं तर जेवण सोडतील."

मी लगेच होकार दिला. तिला वडिलांना वाचवायचं होतं. मी मात्र स्वतःला वाचवत होतो, तिच्या मायेच्या आड उभा राहून. कारण बाबांना सगळं सांगायचं, तर त्यांनी झाकणाला हात घातला होता आणि मी तो काढायला लावला, हेही सांगावं लागलं असतं. सरांनाही गप्प राहायची विनंती केली. ते म्हणाले, "छे छे, मी कशाला बोलतो!" शिक्षकाचा शब्द.

गाडी परत घ्यावी, असं मनात आलं का? आलं. मी सरांकडे विषयही काढला. ते म्हणाले, "अहो, आता तर कुठे हात बसला." आणि परत घेऊन बाबांना काय सांगणार होतो? मरण पावली म्हणून जाहीर केलेली पेशंट उठून बसली?

दिवाळीत बायकोने बाबांना आमच्याकडे आणलं. पाडवा झाला. भाऊबीजेच्या सकाळी मी आणि बायको त्यांना नंदाखालला नेणार होतो. कितीही काही झालं तरी भाऊबीज ते चुकवत नाहीत. नवा सदरा, हातात ओवाळणीची साडी, आणि काखेत ती उशी. "एकदा बघू या म्हटलं," ते म्हणाले. "तुमच्या गाडीची सवय झाली तर झाली."

पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या दोन जागा पलीकडे ती उभी होती. बाबांना माहीत होतं ती याच इमारतीत आहे. पण ते विकल्यापासून पहिल्यांदाच आले होते. ते तिच्याकडे गेले. मी 'उशीर होतोय' म्हणालो, ते त्यांना ऐकू आलं नसावं. त्यांनी साडी आणि उशी तिच्या बॉनेटवर ठेवली, आणि दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवलं. बोट उजेडाकडे धरून बघितलं. कोरडं होतं. बिजागरीच्या कडेला गंजाचा एक तांबूस ठिपका आला होता, खसखशीएवढा.

तेवढ्यात सर जिन्यातून उतरले, सहकुटुंब, नवे कपडे घालून. गाडी घेऊन बहिणीकडेच निघालेले.

"अरे काका! दिवाळीच्या शुभेच्छा! गाडी बघताय? एकदम मस्त. परवा तर वज्रेश्वरीला जाऊन आलो."

"चालते?" बाबांनी विचारलं. "एवढ्या लांब?"

"चालते म्हणजे? पळते! आणि तो दिवा, काका, एकदासुद्धा लागला नाही. त्याचं काय होतं ना..."

मी खोकलो. नाटकातल्यासारखा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. बायकोने सरांकडे पाहिलं. सर थांबले, लाल झाले, किल्ली या हातातून त्या हातात करायला लागले.

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी ती डबी आजही वापरत असतो. गाडी ठीक आहे, बंद पडत नाही, दिवा लागत नाही, एवढंच ते ऐकून घेत होते, आणि त्यांचा चेहरा उजळत होता. मग त्यांनी पुन्हा त्या कोरड्या बोटाकडे पाहिलं आणि घाबरले. बॉनेटवरची उशी उचलायची राहिली, साडी राहिली. आयुष्यात कोणाचं बोलणं न खोडलेला तो माणूस दोन पावलं पुढे झाला आणि सगळ्यांदेखत, जवळजवळ ओरडून म्हणाला,

"अहो गुरुजी, तेल बंद करू नका हो हिचं, दिवा परत लागेल!"